कराच्या सभेत काढलेला शर्ट

"शर्ट उतार."

सेठजी हे माझ्या कानात बोलले नाहीत. माईकवर बोलले. धर्मशाळेच्या चौकात चार कोपऱ्यांना चार भोंगे बांधले होते. चारही भोंगे ओरडले, शर्ट उतार. समोर बसलेल्या सगळ्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं.

भर दुपार होती. सराफ्याच्या मागची धर्मशाळा. मंचावर लाल कापड ताणलेलं, त्यावर पांढरी अक्षरं: टैक्स घटाओ, मिल चलाओ. व्यापाऱ्यांची सभा होती. धंदे बसलेत, राज्य सरकारनं कर कमी करावा, ही मागणी. हार घातलेले सात-आठ जण खुर्च्यांवर बसलेले. मी एकटा उभा. हातात धोटा. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी.

मला वाटलं, सेठजी मजाक करताहेत. मी हसलो. माझा समोरचा दात पडलेला आहे, म्हणून मी तोंडावर हात धरून हसतो. तसाच हसलो.

"हंस क्या रहा है, मिल? उतार. पब्लिक को दिखा, टैक्स ने तेरी क्या हालत करी."

मिल हे माझं नाव नव्हे. मी बंद पडलेल्या मिलमधून आलो, म्हणून सेठजी मला मिल म्हणायचे. त्यांच्या दुकानात कामाला लागून दीड वर्ष झालं, त्यांनी नाव विचारलं नव्हतं.

मी बटणाला हात घातला. बटण निघेना. सेठजींचा पुतण्या मागून उठून आला. त्यानं कॉलर धरली आणि खाली ओढली. दोन बटणं तुटून मंचावर उडाली. एक घरंगळत माईकच्या खांबापाशी गेलं. मला ते दिसत होतं. मला वाकून ते उचलायचं होतं. सकाळी शाळेत जायच्या आधी माझ्या मुलीनं, सुजातानं, ते शिवलं होतं.

"पसलियां गिन लो, भियाओं!" सेठजी म्हणाले. "ये है हमारे इंदौर का मजदूर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उघडा उभा राहिलो. आणि खरं सांगतो, तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच होतं की सेठजी नाराज होऊ नयेत.

हे असं का होतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझं गाव मलकापूरकडचं. सहावीत असताना बाप गेला आणि शाळा सुटली. मामा इंदूरला मिलमध्ये होता, त्यानं मला आणलं. गाव, आई, सगळं मागे राहिलं. तेव्हापासून मी आभारी माणूस आहे. मामानं आणलं, त्याचे आभार. मामीनं भाकर दिली, तिचे आभार. पुढे वयात आल्यावर मिलमध्ये घेतलं, तर जॉबरचे, म्हणजे खात्याच्या मुकादमाचे आभार, गेटवरच्या जमादाराचे आभार. आपल्याला कोणी हाकलून देईल, ही धास्ती पोटात कायम. परक्या शहरात कमी शिकलेला माणूस आभार मानूनच जागा धरतो. मी तरी तशीच धरली.

मला कताईत घातलं. रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, भरलेल्या बॉबिना काढायच्या, रिकाम्या लावायच्या. मशीन सुरू झाली की कान बंद. तिथे कोणी तोंडानं बोलत नसे. हातांनी बोलायचं. बोट गोल फिरवलं, की रिंग फ्रेम. मूठ तळहातावर आपटली, की तुटलं. पोटावरून हात गोल फिरवला, की मालक. दोन्ही मनगटं छातीसमोर एकावर एक धरली, की बंद कर. सगळ्या खात्यांची हीच भाषा होती. मराठी, हिंदी, माळवी, कोणाची बोली काही असो, हात एकच बोलायचे.

पण विणाईच्या खात्यात आम्हाला घेत नसत. आम्ही म्हणजे बौद्ध. कागदावर असं कुठे लिहिलेलं नव्हतं. कारण धोटा. नवी नळी भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागे, आणि ते तोंडानं चोखून काढायचे. एक माणूस चोखून ठेवणार, पाळी बदलली की दुसरा तोच धोटा ओठांना लावणार. आमचं तोंड लागलेला धोटा त्यांना चालत नव्हता. आम्ही काढलेलं सूत चालत होतं.

नवा होतो तेव्हाची गोष्ट. मी सुताच्या टोपल्या पोचवायला विणाईत गेलो होतो. एक धोटा खाली पडलेला दिसला. मी उचलला आणि बघत उभा राहिलो. एवढंच. रामचरण नावाचा विणकर होता, उत्तर प्रदेशाकडचा, वयानं मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचे. त्यानं माझ्या हातातून धोटा हिसकला आणि त्याच धोट्यानं माझ्या तोंडावर मारलं. लोखंडी अणी ओठातून आत गेली. दात पडला. रक्त सुतावर सांडलं, तर खराब झालेल्या सुताबद्दल जॉबरनं मलाच शिव्या दिल्या.

मी रामचरण दादाची माफी मागितली. त्यानं मारलं आणि माफी मी मागितली. दुसऱ्या दिवशी त्यानं मला जवळ बोलावून बिडी दिली, लांबून टाकली हातात. मी त्याचेही आभार मानले.

मग मिलच्या गेटला कुलूप लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल करत आम्ही बाहेर बसून राहिलो. परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीतला एकजण फाशी घेऊन मेला, एकजण वेडा झाला. तो सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. वर्षानं एक दिवस गेट उघडलं. आम्ही धावलो. आत ट्रक उभे होते. मशिनी भंगारात विकल्या होत्या. घेणारे होते सेठजी, कापड बाजारातले मोठे व्यापारी. त्यांना मशिनी फोडायला माणसं पाहिजे होती.

मी गेलो. घण दिला हातात. मी माझीच रिंग फ्रेम फोडली. तिच्या तिसऱ्या खांबावर मी खिळ्यानं सुजाताचं नाव कोरलं होतं, ती जन्मली तेव्हा. त्या खांबावर मी घण घातला. बिडाचं लोखंड असतं, ते वाकत नाही, काचेसारखं फुटतं. तुकडे पायात घुसतात. नऊ दिवस फोडत होतो. रात्री हातांना चमचा धरवत नव्हता. बायको भरवायची आणि रडायची. मी तिला म्हणायचो, "रडू नकोस. काम तर मिळालं ना. सेठजी देवमाणूस आहे."

फोडून झाल्यावर सेठजींनी मला दुकानात कापडाच्या गाठी उचलायला ठेवलं. एवढ्या माणसांतून मला एकट्याला. त्या दिवशी मी त्यांच्या पायाला हात लावला होता.

सभेच्या दोन दिवस आधी दुकानाचे हिशेब बघणाऱ्या मुनीमजींनी मला गाठींच्या मागे बोलावलं. मुनीमजी आपले मराठी. माझ्याशी मराठीत बोलायचे, याचंही मला बरं वाटायचं.

"हे बघ, सभेत तुला तीन वाक्यं बोलायचीत. पाठ कर. मैं बुनकर हूं. टैक्स ने मेरी मिल खा ली. टैक्स कम करो, मेरी मिल चालू करो. बास."

"मुनीमजी, मी विणकर नाही. मी कताईत होतो."

"कोणाला कळतंय रे? कताई काय दाखवणार लोकांना? धोटा हातात असला की फोटो चांगला येतो. आणि ऐक, हे नीट केलंस तर सेठजी तुला पक्का करणारेत. मग सुजाता शिकेल, बायको निजेल शांत. कळलं?"

कळलं. न कळायला काय झालं? मी दोन दिवस गाठी उचलताना ती वाक्यं म्हणत होतो. सुजाता सरकारी शाळेत सातवीत होती. शाळेतून पुस्तकं फुकट मिळायची, वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळायचा. मी जिथं थांबलो त्याच्या पुढच्या वर्गात ती गेली होती. माझं काम सुटलं असतं तर तिला घरी बसवावं लागलं असतं, कोणाच्या तरी घरी भांडी घासायला पाठवावं लागलं असतं. मला त्याचीच भीती होती. दुसरी कशाचीच नाही.

बायकोनं माझा एकुलता चांगला शर्ट निळीत काढून वाळवला. गरम पाण्याचा तांब्या फिरवून इस्त्री केली. म्हणाली, "हळू बोला. घाई करू नका. तुम्ही घाबरलात की शब्द गिळता."

तो शर्ट.

तर आता मी मंचावर उघडा उभा होतो आणि सेठजी भाषण करत होते. समोर खुर्च्यांवर व्यापारी. मागे सतरंजीवर बंद मिलचे मजूर. त्यांना पूरी-भाजीच्या पाकिटाचं सांगून आणलं होतं. सभा संपल्यावर वाटायची होती, तोवर पाकिटांची टोपली मंचामागे झाकून ठेवलेली. मजुरांत मला रामचरण दादा दिसला. खूप म्हातारा झालेला.

कराबद्दल सेठजी सगळं खोटं बोलत होते, असं मी म्हणत नाही. मंदी खरीच होती. छोटे दुकानदार खरंच रडकुंडीला आले होते. कर कमी मागायचा तर मागा. पण मग सेठजी बोलता बोलता म्हणाले:

"हमसे टैक्स लेके सरकार लुटाती कहां है? मुफ्त की किताबें! वजीफे! जिनके बाप-दादा ने स्लेट नहीं देखी, उनको पढ़ा रही है! पढ़ के क्या करेंगे? सबसे पहले ये बंद करो। टैक्स अपने आप आधा हो जाएगा!"

सगळ्यात मोठी टाळी इथे पडली. शेजारी खुर्चीवर बसलेले मुनीमजीसुद्धा टाळ्या वाजवत होते. त्यांना माहीत होतं. सुजाताच्या वजिफ्याचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता.

माझ्या कानात मशीन सुरू झाल्यासारखं झालं. म्हणजे ज्या वाक्यांसाठी मला पक्कं करणार होते, त्या वाक्यांनी सुजाताची पुस्तकं जाणार होती. माझ्याच तोंडातून. माझ्या बरगड्या दाखवून. माझ्या पोरीला घरी बसवायला मलाच मंचावर चढवलं होतं, निळीत धुतलेला शर्ट घालून.

सेठजी वळले. "चल मिल, पहले दिखा, धोटा मुंह से कैसे चलता है। फिर बोल."

पुतण्यानं माझं मनगट धरून धोटा माझ्या तोंडाशी नेला. मागे मजुरांत हालचाल झाली. त्यांना माहीत होतं मी कोण आणि माझं तोंड कोणतं.

मी धोटा ओठांना लावला. जन्मात पहिल्यांदा. आत श्वास ओढला. धूळ आली, जुनं तेल आलं, आणि लोखंडाची चव आली. ती चव मला ओळखीची होती. सतरा-अठरा वर्षांचा असताना हीच चव रक्तात मिसळून गिळली होती.

मी माईकपाशी गेलो. म्हणालो, "मैं बुनकर नहीं हूं."

भोंग्यांतून माझा आवाज आला. मला तो दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"मैं कताईवाला हूं. मिल टैक्स ने नहीं तोड़ी. मैंने तोड़ी. घन से. पैसा इन्होंने..."

पुतण्यानं माईक ओढला. खर्रकन आवाज झाला. सेठजी दुसऱ्या माईकवर ओरडायला लागले, "पी के आया है! पी के आया है!" कोणीतरी भोंग्यांवर गाणं लावलं, मोठ्यांदा. मी ओरडत होतो, पण मलाच ऐकू येत नव्हतं.

ऐकू येत नाही तिथे कसं बोलायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी धोटा पँटच्या खिशात खोचला आणि हात वर केले. बोट गोल फिरवलं. रिंग फ्रेम. मूठ तळहातावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. तुटली. छातीवर बोट ठेवलं. मी तोडली. मग पोटावरून हात गोल फिरवला आणि सेठजींकडे बोट दाखवलं. ह्या मालकानं तोडवली. पुन्हा. पुन्हा. खुर्च्यांवरचे व्यापारी हसत होते. त्यांना वाटलं, वेडा नाचतोय.

सतरंजीवर कोणी हसत नव्हतं.

पहिला रामचरण दादा उठला. त्यानं सेठजींकडे बघत दोन्ही मनगटं छातीसमोर एकावर एक धरली. बंद कर. मग त्याच्या शेजारचा उठला. मग मागची रांगच उठली. सगळ्यांची मनगटं छातीवर. बंद कर. बंद करा. तोंडातून शब्द नाही. वर गाणं चाललेलं.

पुतण्यानं मला मागून लाथ घातली. मी मंचाच्या कडेला आपटलो. तो छातीवर बसला. "साले! दो कौड़ी के! हमारा खा के हमको!" ठोसे तोंडावर, कानावर. मी त्याचा अंगठा दातांत धरला आणि सोडला नाही. तो किंचाळला, हे मला नीट आठवतं, कारण ते ऐकून मला बरं वाटलं होतं. मजूर मंचाकडे धावले. खुर्च्या उडाल्या. लाल कापड फाटून खाली आलं. मग बाजाराचे चौकीदार लाठ्या घेऊन घुसले. पाठीवर, नडग्यांवर, डोक्यावर. पूरी-भाजीची टोपली उलटली आणि माणसं भाजीवरून घसरून पडली. पडता पडता काहींनी पाकिटं उचलली. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरी पोरं होती.

चौकीदारांनी मला फरफटत दारापर्यंत नेलं आणि रस्त्यावर फेकलं. शर्ट आतच राहिला.

राजवाड्याच्या बाजूला एक नळ होता. मी तिथे तोंड धूत होतो. अजून एक दात हलत होता. रामचरण दादा आला. त्याच्या कपाळावरून रक्त येत होतं. तो नळापाशी उभा राहिला, पण मी बाजूला होईपर्यंत पाण्याला हात लावेना. मला वाटलं, आता तो काहीतरी चांगलं बोलेल. इतकं सगळं झाल्यावर.

तो म्हणाला, "एक बात बता भिया. तूने वो धोटा सच में मुंह से लगाया था? कि खाली दिखावा किया?"

माझ्यासाठी पहिला उठलेला माणूस तोच होता. माझा दात पाडणाराही तोच. आणि दोन्ही खरं होतं.

मी खिशातून धोटा काढला. माझं रक्त लागलेला. त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा ओठांना लावला आणि जोरात श्वास ओढला. मग तो त्याच्यापुढे धरला.

"लगाया दादा. ले. पकड़."

त्यानं धरला नाही. मान खाली घालून निघून गेला. मी हाक मारली नाही.

उघड्या अंगानं मी बाजारातून घरी गेलो. दारात सुजाता अभ्यासाला बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं, "बाबा, शर्ट?"

"उद्या मागून आणतो," मी म्हणालो.

बायको चुलीपाशी गेली. तिनं पाणी तापवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा मी दारात उभा होतो. शेजाऱ्याचा शर्ट घालून. सेठजी गादीवर बसलेले. पुतण्याच्या हाताला पट्टी. मुनीमजी घाईघाईनं बाहेर आले आणि मराठीत म्हणाले, "अरे वेड्या, पाय धर. माफी माग. मी सांगतो त्यांना समजावून. पोरीचा विचार कर."

"मुनीमजी, पोरीचाच विचार करून आलोय. माझा शर्ट द्या."

"कसला शर्ट?"

"काल उतरवला तो. दोन बटणं पण. एक माईकच्या खांबापाशी आहे."

सेठजी आतून ओरडले, "निकाल इसको!" नोकरांनी मला ढकललं. मी पडलो. उठलो आणि पुन्हा दारात उभा राहिलो. बाजारातले लोक जमले. पुन्हा ढकललं, पुन्हा उठलो. चौथ्या वेळी मुनीमजींनी एक पिशवी आणून माझ्या पायाशी टाकली. शर्ट फाटलेला होता. बटणं नव्हती.

मी आभार मानले नाहीत. तोंडावर आलेला शब्द गिळला. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम शब्द गिळला.

आता मी हातगाडी ओढतो. उन्हात सांवेर नाक्यापर्यंत माल नेतो, छाती भरून येते, खोकल्यात अजून कापसाचे तंतू आहेत असं वाटतं. सुजाता शाळेत आहे. तिची पुस्तकं या वर्षीही आली. पुढच्या वर्षी येतील की नाही, माहीत नाही. तशा सभा अजून होतात. होऊ देत. पण मला एक गोष्ट कळली आहे आणि ती कळायला सहावीपुढे शिकावं लागत नाही. त्या शर्टाला लावलेल्या निळीवर कर होता. साबणावर होता. चूल पेटवलेल्या काडीपेटीवर होता. म्हणजे कर मीही भरत होतो. त्या पुस्तकांत माझाही वाटा होता. मला कोणी भीक घातली नव्हती, की मी पायाला हात लावत फिरावं.

फाटलेला शर्ट बायकोनं शिवला. आमच्याकडे होती ती बटणं लावली, वेगवेगळ्या रंगांची. धोटा मी सुजाताच्या पुस्तकांवर ठेवला आहे, पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

सेठ असो, मुनीम असो, की दादा असो, मी आता कोणाचा आभारी नाही. शर्ट मी फक्त आंघोळीला काढतो. दुसऱ्या कोणाला तो काढायचा असेल, तर त्यानं हात लावून बघावा.